दाद उशिरा पोहोचते : आभासी जगातील मैफलीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात होणाऱ्या थेट मैफलींचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली, आणि बहुतेक पत्रे प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची होती. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे दिलेली नाहीत. उत्तरे गाणाऱ्याच्या आणि मैफल भरवणाऱ्याच्या अशा दोन्ही भूमिकांत आलेल्या अनुभवातून लिहिली आहेत.

प्रश्न : मी गेली वीस वर्षे शास्त्रीय गायन शिकवते. कॅलिफोर्नियातला माझा भाचा सारखा म्हणतो, “मावशी, तू सेकंड लाइफमध्ये गा.” त्याने दाखवले तेव्हा पडद्यावर एक बाहुली हातवारे करत होती आणि मागे गाणे वाजत होते. हे खरोखर थेट गाणे असते का? असल्यास माझा आवाज पुण्यातल्या माझ्या खोलीतून तिथे पोहोचतो कसा? — एक वाचिका, पुणे

उत्तर : गाणे थेटच असते, पण ते त्या बाहुलीच्या तोंडून निघत नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात.

सेकंड लाइफ हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने जून २००३ मध्ये सर्वांना खुले केलेले त्रिमिती जग आहे. त्यात जिंकण्या-हरण्याचा खेळ नाही. तिथली घरे, बागा, रंगमंच, वाद्ये आणि कपडे बहुतांशी तिथल्या रहिवाशांनीच घडवलेले असतात, आणि प्रत्येक जण आपल्या ‘अवतारा’च्या, म्हणजे पडद्यावरच्या त्या बाहुलीच्या, रूपाने त्यात वावरतो. ३ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकन गायिका सुझान व्हेगा एका रेडिओ कार्यक्रमाच्या निमित्ताने तिथे अवताररूपात थेट गायल्या. १४ सप्टेंबर २००७ रोजी रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची मैफल वासिली पेट्रेंको यांच्या संचालनाखाली तिथे ऐकवली गेली, आणि त्यासाठी त्यांच्या सभागृहाची प्रतिकृती त्या जगात उभारण्यात आली होती. मात्र तिथली सांगीतिक परंपरा टिकली ती अशा नामवंतांमुळे नव्हे. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी आपल्या खोलीत गिटार घेऊन बसणाऱ्या, तासाभराचा कार्यक्रम करणाऱ्या आणि वीस-तीस श्रोत्यांपुढे मनापासून गाणाऱ्या कलाकारांनी ती जिवंत ठेवली आहे.

आता आवाजाच्या वाटेविषयी. आपण मायक्रोफोनसमोर गाता, मायक्रोफोन ऑडिओ इंटरफेसमार्फत (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या पेटीमार्फत) संगणकाला जोडलेला असतो, आणि संगणकावरचा एक प्रक्षेपण-प्रोग्राम तो आवाज एका स्ट्रीम सर्व्हरकडे, म्हणजे तो एकाच वेळी अनेकांपर्यंत पोहोचवणाऱ्या संगणकाकडे, पाठवतो. ‘बट’ या नावाचा असा एक प्रोग्राम मोफत मिळतो आणि तो पुरेसा आहे. सर्व्हर शाउटकास्ट किंवा आइसकास्ट पद्धतीचा असतो आणि मासिक भाड्याने मिळतो. सेकंड लाइफमधल्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्याच्या मांडणीत संगीताचा पत्ता लिहिण्यासाठी एक ओळ असते. जमिनीचा मालक त्या ओळीत आपल्या स्ट्रीमचा पत्ता भरतो, आणि जो अवतार त्या तुकड्यावर उभा असेल त्याचा संगणक तो आवाज थेट सर्व्हरवरून ऐकवू लागतो. थोडक्यात, आपण घरातून एक छोटे रेडिओ केंद्र चालवत असता आणि श्रोते एका विशिष्ट अंगणात उभे राहून ते केंद्र ऐकत असतात.

या रचनेचे काही परिणाम गायकाने जाणून घ्यायला हवेत. पहिल्या रांगेतल्या आणि दूर झाडाखाली उभ्या असलेल्या श्रोत्याला गाणे अगदी सारखेच ऐकू येते, कारण अंतराचा आवाजाशी संबंधच नसतो. एखादा श्रोता चार पावले चालून शेजारच्या जमिनीवर गेला, तर तान अर्ध्यात तुटते आणि त्याला वाटते की गायिका थांबली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाज पोहोचायला वेळ लागतो. सर्व्हर आणि श्रोत्याचा संगणक दोघेही आवाजाचा थोडा साठा करून मगच तो वाजवतात, त्यामुळे पाच-दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत विलंब होतो आणि तो प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा असतो.

आपल्या संगीतात या विलंबाचे काय होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. समजा, विलंब वीस सेकंदांचा आहे. मध्यलय त्रितालात मिनिटाला १६० मात्रांची लय धरली, तर एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, ६ सेकंदांचे होते. आपण एखादी सुरेख तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलात, तर श्रोत्याचे ‘वाः’ पडद्यावर उमटेपर्यंत आपण तीन आवर्तने पुढे गेलेल्या असता. ती दाद नेमकी कशाला, हे आपल्याला कळत नाही आणि गाणे हळूहळू कोरड्या खोलीत गायल्यासारखे होऊ लागते. याउलट बारा मात्रांच्या विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असेल, तर आवर्तन ४८ सेकंदांचे होते आणि समेची दाद त्याच आवर्तनात पाचव्या-सहाव्या मात्रेच्या आसपास येऊन पोहोचते. म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्या काही मैफलींत आपण बडा ख्याल, म्हणजे असे विलंबित लयीतले गाणे, टाळू नये. परक्या श्रोत्यांना तो जड जाईल असा सल्ला आपल्याला मिळेलच, पण या माध्यमात गायक आणि श्रोता यांच्यातला धागा ज्या लयीत शाबूत राहतो, ती हीच लय आहे.

प्रश्न : मी संवादिनीवादक आहे. पुण्यातल्या एका गायकाने मला विचारले आहे की, तुम्ही सांगलीतून साथ करा, मी पुण्यातून गातो आणि कार्यक्रम त्या आभासी मंचावर होऊ दे. हे शक्य आहे का? तबलजी तर कॅलिफोर्नियात आहेत. — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे आणि तबलजींच्या बाबतीत नकारार्थी.

हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे बैठकीवर आपल्यापासून दोन मीटरवर बसलेल्या गायकाचा स्वर आपल्याला सहा मिलिसेकंदांनी ऐकू येतो, आणि इतका विलंब आपण जन्मभर न जाणवता पचवलेला आहे. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे साधारण दहा मीटर दूर बसल्याइतका विलंब असेल, तर कसलेले कलाकार लय सांभाळू शकतात. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि लय खाली-खाली घसरत जाते. ऑप्टिकल फायबरमधून संदेश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे सांगली-पुणे हे अंतर स्वतः फार अडचणीचे नाही. वेळ खाल्ला जातो तो संगणकात, ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि वाटेतल्या यंत्रणांमध्ये. दोन्ही बाजूंना तारेने जोडलेले फायबरचे कनेक्शन असेल आणि तारेचेच हेडफोन असतील, तर जॅमुलस किंवा स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेला जॅकट्रिप यांसारख्या, खास एकत्र वाजवण्यासाठी केलेल्या मोफत प्रोग्राममधून आपण दोघे एकमेकांना ऐकत साथसंगत करू शकाल. वायफाय आणि ब्लूटूथ यांना मात्र खोलीबाहेर ठेवा. ब्लूटूथचा हेडफोन एकटाच इतका विलंब घालतो की, बाकीची सगळी काळजी वाया जाते. दोघांचा मिळून तयार झालेला आवाज मग पुण्यातल्या गायकाने स्ट्रीम सर्व्हरकडे पाठवावा.

कॅलिफोर्निया इथून सरळ रेषेत मोजले तरी १३,००० किलोमीटरच्या पुढे आहे. फायबरमधून एका दिशेला किमान ६५ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या वेगाची आहे आणि कितीही महागडे कनेक्शन घेतले तरी ती हटत नाही.

सेकंड लाइफमधल्या कलाकारांनी यावर एक साखळीची पद्धत शोधली आहे. पहिला कलाकार आपला आवाज दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तो ऐकत आपले गाणे किंवा वादन त्यात मिसळतो, आणि ते मिश्रण श्रोत्यांना ऐकू येते. श्रोत्यांच्या कानाला सगळे जुळलेले असते, पण पहिल्या कलाकाराला दुसऱ्याचे काहीच ऐकू येत नाही. गिटारवर ठरलेले स्वरमेळ वाजवणाऱ्याला हे चालते. आपल्याकडे ही साखळी लावायची, तर तबलजींना पहिले बसावे लागेल, म्हणजे ते गायकाला न ऐकता नुसता ठेका देत राहतील. गायकाची लयकारी पाहून उठान (जोरकस सुरुवातीचे बोल) घेणे, समेच्या आधी थोडे मोकळे सोडणे, एखाद्या बोलतानेला उत्तर देणे यांतले काहीही उरणार नाही. त्याला मी साथ म्हणणार नाही. तबलजींनी एखाद्या मैफलीत एकल वादन करावे आणि लेहऱ्यासाठी, म्हणजे तालाची आवर्तने दाखवत सतत वाजणाऱ्या धुनेसाठी, आपल्या शेजारी कोणाला तरी बसवावे, हे अधिक सन्मानाचे ठरेल.

प्रश्न : मी एका आभासी कट्ट्यावर माइक सुरू करून गायले. माझा आवाज सर्वांना ऐकू आला, पण तानपुरा कोणालाच ऐकू आला नाही. दोन-तीन सेकंद ऐकू येई आणि मग नाहीसा होई. तानपुऱ्याच्या यंत्रात दोष आहे का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : यंत्र निर्दोष आहे. आपण बोलण्यासाठी असलेल्या व्हॉइस चॅटमधून गायलात, आणि ती सोय संभाषणासाठी बनवलेली आहे. संभाषणात पंख्याची घरघर, गाड्यांचा आवाज असे एकसारखे चालणारे नाद गोंगाट समजून गाळून टाकले जातात. तानपुरा हा अखंड, न बदलणारा नाद. त्यामुळे जे आपल्या गाण्याचे अधिष्ठान, तेच त्या गाळणीला कचरा वाटते. लांबवलेल्या षड्जाचेही असेच हाल होतात, हे आपल्या लक्षात आले असेल. झूमवरून शिकवणाऱ्या अनेक गुरूंना हाच अनुभव आला आहे. तिथे संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय आहे आणि ती शोधून सुरू करावी लागते.

मैफलीसाठी नेहमी वर सांगितलेली स्ट्रीमची वाट घ्यावी, कारण तिच्यात अशी गाळणी नसते. १२८ केबीपीएस एमपीथ्री एवढा दर्जा पुरतो. तासाला साधारण ५८ एमबी डेटा वर जातो आणि साधे घरगुती कनेक्शन तेवढे सहज पेलते. तानपुरा मोबाइलवर लावून माइकजवळ ठेवण्यापेक्षा तारेने वेगळा इंटरफेसमध्ये घ्या, म्हणजे आवाज आणि तानपुरा यांचे प्रमाण आपल्या हाती राहील. गाण्याआधी पाच मिनिटे ध्वनिमुद्रण करून स्वतः ऐका. श्रोत्यांपैकी बरेच जण संगणकाच्या लहान स्पीकरवर ऐकतात आणि त्यांत खर्जाची तार जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा पंचम आणि जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) स्पष्ट आहेत ना, हे पाहा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतली काही मराठी कुटुंबे मिळून सेकंड लाइफमध्ये एक छोटे सभागृह बांधत आहोत. पुण्या-मुंबईच्या कलाकारांना बोलवावे, असा विचार आहे. मला गाता येत नाही, पण यजमानपण आनंदाने करीन. यजमानाने नेमके काय करायचे असते? कार्यक्रमाची वेळ कोणती ठेवावी? — एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : आपले पत्र वाचून विशेष आनंद झाला, कारण या माध्यमात गाणारे पुष्कळ मिळतात आणि चांगले यजमान दुर्मीळ असतात. गायकापर्यंत श्रोता पोहोचत नाही, ही इथली मूळ उणीव आहे आणि ती भरून काढणे हेच यजमानाचे काम आहे.

आधी वेळेचे पाहू. तिथले सगळे कार्यक्रम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने जाहीर होतात. भारत त्या घड्याळाच्या उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा फरक बदलतो, भारतातले कलाकार मात्र जुन्याच वेळेला तयार होऊन बसतात. म्हणून निमंत्रणात भारतीय वेळ तारखेसह स्वतंत्र लिहा. तिथल्या रूढीप्रमाणे संध्याकाळी ७ चा कार्यक्रम ठेवलात, तर न्यू जर्सीत रात्रीचे १० वाजलेले असतील आणि पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. शनिवारी तिथल्या घड्याळाने सकाळी ८ ही वेळ मला अधिक सोयीची वाटते, कारण तेव्हा न्यू जर्सीत ११ वाजलेले असतात, लंडनमध्ये दुपार असते आणि महाराष्ट्रात रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ.

इथे रागसमयाचा, म्हणजे कोणता राग कोणत्या प्रहरी गावा याचा, प्रश्न येतो आणि तो आपल्यापुढे कोणीतरी मांडेलच. पुण्यात रात्र, आपल्याकडे सकाळ, आणि सेकंड लाइफचा मूळ दिवस तर चार तासांचा, त्यात तीन तास उजेड आणि एक तास अंधार. गायिकेने रात्रीचा बागेश्री गावा की सकाळचा तोडी? माझे मत असे की, गाणाऱ्याच्या अंगणातली वेळ पाळावी. राग तिच्या गळ्यात आणि मनात त्या वेळी उमलतो, आणि श्रोत्याने तिच्या प्रहरात पाहुणा म्हणून जावे. यजमान म्हणून आपल्या हाती एक सुंदर गोष्ट आहे : जमिनीच्या मालकाला तिथले आकाश ठरवता येते. बागेश्री असेल तर मध्यरात्रीचे चांदणे ठेवा, ललत असेल तर उजाडण्यापूर्वीचा प्रकाश. फक्त श्रोत्यांना सांगा की त्यांनी स्वतःच्या पडद्यावरची वेगळी मांडणी बंद करून सामाईक आकाश सुरू ठेवावे, नाहीतर प्रत्येकाला वेगळाच प्रहर दिसतो.

सभागृहाविषयी. जमिनीचा एक पूर्ण चौक, ज्याला तिथे ‘रीजन’ म्हणतात, २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो आणि त्यात एका वेळी साधारण शंभर अवतार मावतात. अधिक गर्दी अपेक्षित असेल तर चार रीजन जिथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यावर मंच बांधतात, म्हणजे चारही बाजूंच्या श्रोत्यांना तो दिसतो. आपल्याला त्याची गरज पडणार नाही. पूर्ण रीजनचे भाडे महिन्याला दोनशे डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे एखादा तुकडाच घ्यावा आणि त्यावर झुंबरे, कारंजी यांचा सोस धरू नये. सजावट जितकी जड, तितके सगळ्यांचे संगणक मंदावतात. गाण्याचा आवाज वेगळ्या वाटेने येत असल्याने तो सहसा अडखळत नाही, पण श्रोत्याचा संगणकच थकला तर आवाजही तुटतो.

कार्यक्रमाच्या दिवशी आपण स्वतः श्रोत्यासारखे, गायिकेपासून वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या संगणकावर स्ट्रीम ऐकत बसा. गायिकेला खासगी निरोपाने पहिल्या दोन मिनिटांत कळवा : आवाज येतो आहे, तानपुरा थोडा वाढवा, किंवा अगदी छान आहे. गाणाऱ्या माणसाला त्या एका ओळीने जो धीर येतो, तो मी स्वतः अनुभवला आहे. एकदा माझ्या कार्यक्रमात भाड्याच्या स्ट्रीमवर ठरावीक श्रोत्यांचीच सोय होती आणि ती मर्यादा कोणीच तपासली नव्हती. पन्नासाव्या श्रोत्यानंतर आलेल्यांना काहीच ऐकू येत नव्हते. ते शांतपणे बसून राहिले, मला वाटले की ते तल्लीन झाले आहेत, आणि चाळीस मिनिटांनी एकाने भीत-भीत विचारले की गाणे कधी सुरू होणार. ती गोष्ट अजूनही मला बोचते. तेव्हा स्ट्रीमवर किती जणांची सोय आहे आणि भाड्याची मुदत कधी संपते, हे आदल्या दिवशी पाहून घ्या.

नवा श्रोता आला की त्याला नावाने नमस्कार करा आणि पडद्यावरचे संगीताचे बटण सुरू केले आहे का, हे विचारा. निम्म्या नवख्यांना गाणे ऐकू न येण्याचे कारण तेवढेच असते. त्यानंतर दादेचे काम. तिथे श्रोते चॅटमध्ये लिहून आणि टाळ्यांच्या हावभावांनी दाद देतात. पण डोळे मिटून गाणारी गायिका ते वाचत नाही आणि वाचू लागली तर गाणे बिघडते. म्हणून दोन रागांच्या मध्ये थोडी जागा ठेवायला तिला सांगा आणि तेवढ्यात आलेली दाद आपण तिला वेचून कळवा : “अमुक शहरातल्या श्रोत्याला कोमल निषादावरचा ठहराव फार आवडला,” अशी नेमकी. नुसते ‘सगळ्यांना आवडले’ यातून तिला काही मिळत नाही. विलंबामुळे सैल झालेली दाद पुन्हा योग्य जागी बसवणे ही यजमानाची खरी कला आहे. बंदिशीचा अर्थ दोन-तीन ओळींत आधीच इंग्रजीत लिहून ठेवा, कारण दारावरून जाणारे अमराठी श्रोतेही थांबतील आणि त्यांतले काही पुढच्या वेळी वेळेआधी येऊन बसतील.

एक बारीक गोष्ट राहिली. दर आठवड्याला, बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी, रीजन देखभालीसाठी बंद करून पुन्हा सुरू केली जातात. काही मिनिटे आधी सूचना येते आणि मग सगळे अवतार बाहेर फेकले जातात. गायिकेचा स्ट्रीम मात्र सर्व्हरवरून सुरूच राहतो आणि तिचे पडद्याकडे लक्ष नसेल, तर ती रिकाम्या जगापुढे गात राहते. हे दोन दिवस टाळा.

प्रश्न : या मैफलींतून उत्पन्न होते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : थोडे होते. तिथले चलन लिंडन डॉलर हे असून एका अमेरिकन डॉलरला सुमारे २५० लिंडन असा भाव असतो. यजमान तासाला काही हजार लिंडन मानधन देतो, आणि मंचाजवळ ठेवलेल्या पात्रात श्रोते आपखुशीने बिदागी टाकतात. ५,००० लिंडन मिळाले तर ते वीस डॉलर होतात आणि बाहेर काढताना त्यांतून शुल्क कापले जाते. ही रक्कम भारतात करपात्र उत्पन्न ठरते, तेव्हा नोंद ठेवावी आणि आपल्या सनदी लेखापालांना विचारावे. चरितार्थाचा आधार म्हणून याकडे पाहू नये.

प्रश्न : फोर्टनाइट या खेळात कोट्यवधी लोकांनी मैफल पाहिली असे वाचले होते. सेकंड लाइफमध्ये शंभरच मावत असतील तर फोर्टनाइट अधिक चांगले नाही का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एप्रिल २०२० मध्ये फोर्टनाइटमध्ये झालेला ट्रॅव्हिस स्कॉट यांचा कार्यक्रम पहिल्याच खेळाला एका वेळी १ कोटी २० लाखांहून अधिक जणांनी पाहिला, हे खरे आहे. परंतु तो आधी तयार करून ठेवलेला, जेमतेम दहा मिनिटांचा देखावा होता आणि श्रोत्यांना लहान-लहान गटांत विभागून त्याच्या असंख्य प्रती एकाच वेळी दाखवल्या गेल्या होत्या. तिथे कोणा गायकाने त्या क्षणी काही बदलणे शक्य नव्हते. भव्य देखावा म्हणून तो अवश्य पाहावा. आपल्याला जर समोरच्याची दाद ऐकून गाण्यातली एखादी हरकत पुन्हा घ्यायची असेल, तर वीस श्रोत्यांचे अंगणच हवे.

प्रश्न : आभासी मंचावर अभंग, नाट्यपदे आणि चित्रपटगीते गाताना कुणाची परवानगी लागते का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मंच आभासी असला तरी कार्यक्रम जाहीरच असतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने दिलेली चाल सर्वांची असेलच असे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे निधन १८८५ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या नाटकांतली पदे गायला अडचण नाही. चित्रपटगीत करावके ट्रॅकवर गाताना शब्द, चाल आणि तो ट्रॅक असे तीन वेगळे हक्क येतात, आणि श्रोते वेगवेगळ्या देशांत असल्याने गुंतागुंत वाढते. मी स्वतः तिथे पारंपरिक बंदिशी आणि पारंपरिक चालींतले अभंगच गातो. ज्ञात रचनाकाराची बंदिश गायची झाली, तर त्यांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घेतो आणि गाण्याआधी त्यांचे नाव सांगतो.

प्रश्न : मागच्या आठवड्यात मी तिथे पहिल्यांदा गायले. सगळे छान झाले, पण भैरवीचा शेवट कोणालाच ऐकू आला नाही, असे नंतर कळले. मी तर शेवटपर्यंत गायले होते. — एक वाचिका, मडगाव

उत्तर : आपण शेवटचा षड्ज लावलात, तानपुरा थांबवलात आणि लगेच प्रक्षेपण बंद केलेत, असे मला वाटते. त्या क्षणी श्रोते अजून वीस-पंचवीस सेकंद मागे, भैरवीच्या मधल्या ओळीत होते. प्रक्षेपण तुटताच वाटेत असलेले स्वर वाटेतच राहिले.

पुढच्या वेळी गाणे संपल्यावर तानपुरा तसाच चालू ठेवा आणि माइकसमोर शांत बसून राहा. सुरुवातीचे काही सेकंद काहीच घडणार नाही. मग पडद्यावर एकेक ओळ उमटू लागेल, कुणी लवकर, कुणी उशिरा, कारण प्रत्येकाची भैरवी वेगवेगळ्या क्षणी संपते. शेवटच्या श्रोत्याचा नमस्कार आला आहे असे यजमानाने कळवले की मग तानपुरा बंद करा.